साथ कुणी कुणाला दिली? : मेरी क्युरींविषयी एक खुलं पत्र

प्रति,
शालेय वक्तृत्व स्पर्धांचे आयोजक व परीक्षक,
तसेच मुलांसाठी शास्त्रज्ञांची चरित्रं लिहिणारे आणि छापणारे सर्वजण

विषय : मेरी क्युरींची गोष्ट मुलांना कशी सांगितली जाते, त्याबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

यंदा जानेवारीत एका आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत मोठ्या गटाला पाच विषय दिले होते. तिसरा विषय होता, ‘पतीच्या संशोधनाला साथ देणारी मादाम क्युरी’. माझ्याकडे संध्याकाळी अभ्यासाला येणाऱ्या आठवीतल्या एका मुलीने तो निवडला. ‘आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ एवढं झाल्यावर तिचं पहिलंच वाक्य होतं, “साथ मेरीने दिली नाही, पिएरने दिली.” पुढची सहा मिनिटं ती दोन धातूच्या चकत्या, एक घड्याळ आणि एका हिरव्या खनिजाबद्दल बोलली. निकालानंतर मिळालेल्या गुणपत्रिकेत विषयाच्या मांडणीला चाळीसपैकी चौदा गुण होते आणि खाली शेरा होता : ‘विषयाशी सुसंगत नाही. त्याग व कष्ट यांचा उल्लेख अपुरा. फार तांत्रिक.’

घरी परतताना एसटीत तिने मला विचारलं, “बाई, मी चुकीचं बोलले का?”

ती चुकीचं बोलली नव्हती. विषयच चुकीचा होता. स्पर्धेचं किंवा कुणा परीक्षकाचं नाव मी इथे घेणार नाही, कारण प्रश्न एका स्पर्धेपुरता नाही. एकतीस वर्षं मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं, आणि याच धर्तीचे विषय, धडे, तक्ते आणि पाच-पाच रुपयांच्या चरित्रपुस्तिका त्या सगळ्या वर्षांत पाहिल्या. तेव्हा मी गप्प बसले. आता त्या मुलीला उत्तर द्यायचं आहे, ते मी सर्वांसमोर देते.

माझा या विषयाशी संबंध नोकरीपुरता नाही. १९६३ साली माझ्या आजीला गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग झाला. तिला मुंबईला टाटा रुग्णालयात नेलं. आज आपल्याकडे लोक ‘शेक दिला’ किंवा ‘लाइट दिली’ म्हणतात. आजी मात्र शेवटपर्यंत ‘मला रेडियम लावलं’ असंच सांगायची. रेडियम आत ठेवलेलं असताना हलायचं नाही, कूस बदलायची नाही, नातेवाइकांनी जवळ बसायचं नाही. त्या दिवसांचं वर्णन ती बाळंतपणाचं करावं तितक्या बारकाईने करायची. त्यानंतर ती एकवीस वर्षं जगली, माझ्या लग्नात अक्षता टाकायला होती. आमच्या गावात बसस्टँडसमोर ‘रेडियम आर्ट’ची दोन दुकानं आहेत. नंबरप्लेटवर चिकटवायच्या त्या चकचकीत कागदात रेडियम नसतं, पण शब्द सगळ्या मुलांच्या तोंडी आहे. तो ज्या बाईने जगाला दिला, तिच्याबद्दल आपण त्यांना काय सांगतो, एवढंच मला विचारायचं आहे.

आधी घडलं काय ते सांगते, कारण गुणपत्रिकेत ज्याला ‘फार तांत्रिक’ म्हटलं आहे तोच या गोष्टीचा गाभा आहे.

१८९६ मध्ये पॅरिसला हेन्री बेकरेल यांना दिसलं की युरेनियमचे क्षार काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेवर, उन्हात न ठेवताही, ठसा उमटवतात. त्यांनी काही काळ त्याचा पाठपुरावा केला. मात्र बहुतेकांचं लक्ष तेव्हा राँटगेनच्या क्ष-किरणांकडे होतं, आणि हाडांच्या छायाचित्रांपुढे युरेनियमचे धूसर डाग कुणाच्या नजरेत भरत नव्हते. १८९७ च्या डिसेंबरमध्ये मेरीने डॉक्टरेटसाठी हाच विषय घेतला. वय तीस, घरात तीन महिन्यांची इरेन. पिएर ज्या संस्थेत शिकवायचे तिथली एक दमट, कोंदट साठवणीची खोली तिला मिळाली. फेब्रुवारी १८९८ मधल्या एका दिवशी तिने वहीत खोलीचं तापमान लिहिलं आहे : ६.२५ अंश.

फोटोचा डाग किती गडद, याचा अंदाजच करावा लागतो. मेरीला आकडा हवा होता. युरेनियमच्या किरणांमुळे हवेतून अगदी क्षीण वीजप्रवाह वाहतो. तो मोजता आला तर किरणांची तीव्रता मोजल्यासारखीच होती. तिने धातूच्या दोन गोल चकत्या एकमेकींच्या वर, तीन सेंटिमीटर अंतरावर बसवल्या. खालच्या चकतीवर पदार्थाची पूड पसरायची आणि तिला विजेचा दाब द्यायचा. वरच्या चकतीवर जमणारा विद्युतभार इतका थोडा की साध्या उपकरणाला तो कळणारही नाही. म्हणून दुसऱ्या बाजूने स्फटिकाची एक पट्टी वापरायची. तिच्यावर वजन टांगलं की तिच्यातही विद्युतभार तयार होतो. दोन्ही भार एकमेकांना तोलत राहतील अशा बेताने हाताने वजन सोडत जायचं, डोळे विद्युतमापकाच्या प्रकाशाच्या ठिपक्यावर ठेवायचे आणि दुसऱ्या हातातल्या घड्याळावर सेकंद मोजायचे. वजन माहीत, वेळ माहीत, की प्रवाहाचा आकडा आला. हे तंत्र सरावायला फार अवघड आहे. तिने ते आत्मसात केलं आणि मग मिळेल ते खनिज, मिळेल तो क्षार त्या चकतीवर ठेवून पाहिला.

तिला दिसलं ते असं. युरेनियम कोणत्या संयुगात आहे, ओलं आहे की कोरडं, गरम केलं आहे की उजेडात ठेवलं आहे, याने काही फरक पडत नाही. फरक पडतो तो फक्त युरेनियम किती आहे याने. म्हणजे हा गुण संयुगाचा नाही, अणूचा आहे. अणूला तेव्हा बहुतेक जण अखेरचा, न बदलणारा कण मानत होते. थोरियमही तसेच किरण देतं, हेही तिने नोंदवलं. गेरहार्ड श्मिट या जर्मन शास्त्रज्ञाने ते तिच्या थोडं आधी प्रसिद्ध केलं होतं.

मग पिचब्लेंड हे युरेनियमचं खनिज तिच्या चकतीवर आलं. ते शुद्ध युरेनियमच्या तिपटीहून अधिक प्रवाह दाखवत होतं. चॅल्कोलाइट हे हिरवं खनिज दुपटीहून अधिक. हे होऊच शकत नव्हतं, कारण खनिजात युरेनियम शुद्ध धातूपेक्षा कमीच असणार. इथे दुसरं कुणी असतं तर उपकरण बिघडलं म्हणून बाजूला ठेवलं असतं. मेरीने प्रयोगशाळेत स्वतः चॅल्कोलाइट बनवलं. तेच घटक, तीच रचना, पण शुद्ध रसायनांपासून. ते चकतीवर ठेवलं, तर त्यातल्या युरेनियमला शोभेल तेवढाच, म्हणजे अगदी कमी, प्रवाह आला. खाणीतल्या चॅल्कोलाइटमध्ये आणि तिने बनवलेल्या चॅल्कोलाइटमध्ये फरक एवढाच असू शकत होता : खाणीतल्यात आणखी काहीतरी होतं. फार थोडं, पण युरेनियमपेक्षा कितीतरी तीव्र, आणि कुणालाच माहीत नसलेलं.

मी शिकवायची तेव्हा या ठिकाणी थांबून मुलांना विचारायची, “तुम्ही काय केलं असतं?” वर्ग शांत व्हायचा. मग मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणायचं, “बाई, आपणच बनवून बघायचं.” विज्ञान शिकवणाऱ्याला याहून दुसरं काही नको असतं. माझ्या विद्यार्थिनीने सहा मिनिटांत हेच सांगितलं होतं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार त्या ‘साथ’ शब्दाबद्दल आहे. १२ एप्रिल १८९८ रोजी फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे तिचे प्राध्यापक गाब्रिएल लिपमान यांनी जो शोधलेख मांडला, तो एकट्या मेरीच्या नावावर आहे. पिचब्लेंड आणि चॅल्कोलाइटमध्ये नवं मूलद्रव्य असावं, हे त्यातच म्हटलं आहे. तिचे हे निष्कर्ष पाहून पिएर यांनी आपलं स्फटिकांवरचं काम बाजूला ठेवलं आणि ते तिच्या संशोधनात आले. जुलैत पोलोनियम आणि डिसेंबरमध्ये रेडियम, हे शोध दोघांचे आहेत, आणि रेडियमच्या शोधात गुस्ताव्ह बेमाँ हेही होते. पिएर यांचं मोठेपण मला कमी करायचं नाही. स्फटिकाच्या पट्टीचं ते उपकरण त्यांनी आणि त्यांच्या भावाने शोधलेल्या गुणधर्मावर चालायचं. १९०३ च्या नोबेलसाठी फ्रेंच अकादमीच्या काही सभासदांनी जे शिफारसपत्र पाठवलं त्यात फक्त बेकरेल आणि पिएर ही नावं होती. एका स्वीडिश गणितज्ञाने पिएर यांना ते कळवलं, आणि माझा विचार करणार असाल तर मेरीसह करा, असं उत्तर पिएर यांनी दिलं. हा माणूस आपल्या मुलग्यांना आदर्श म्हणून सांगायला हवा. पण आपण त्याचा उलटा धडा छापतो.

त्याच नोबेल समारंभात, पारितोषिकं देताना, अकादमीच्या अध्यक्षांनी बायबलमधलं वचन वाचलं : पुरुषाने एकटं असणं बरं नाही, मी त्याच्यासाठी साह्यकारी निर्माण करीन. ज्या बाईच्या कल्पनेतून ते सगळं काम उभं राहिलं, तिला तिच्याच सन्मानाच्या दिवशी साह्यकारी म्हटलं गेलं. त्याला सव्वाशे वर्षं होत आली. आपल्या स्पर्धेच्या विषयपत्रिकेत आजही तेच वचन छापलेलं आहे, फक्त मराठीत.

दुसरी तक्रार उलट्या बाजूची. तिचा गौरव करतानाही आपण चूक करतो. ‘मेरी क्युरी यांनी किरणोत्सारितेचा शोध लावला’ असं कितीतरी तक्त्यांवर लिहिलेलं असतं. ते किरण प्रथम पाहिले बेकरेल यांनी. मेरीने ते मोजले, ते अणूतून येतात हे ओळखलं, आणि या गुणधर्माला नाव दिलं. आज आपण किरणोत्सारिता म्हणतो त्याचा मूळ शब्द १८९८ च्या जुलैमधल्या क्युरी दांपत्याच्या लेखात पहिल्यांदा छापला गेला. बेकरेल यांचं श्रेय त्यांना दिल्याने तिचं काही कमी होत नाही, उलट तिचं काम नेमकं कोणतं ते मुलांना समजतं.

तिसरी तक्रार कष्टांच्या वर्णनाबद्दल. गळकं छप्पर, थंडी, उकळतं मिश्रण स्वतःच्या उंचीच्या लोखंडी सळईने दिवसभर ढवळणं, हे सगळं खरं आहे आणि तिने स्वतः लिहूनही ठेवलं आहे. पण ती ते का करत होती, हे पुस्तिकेत सापडत नाही, आणि मग ते चुलीपुढच्या बाईचं चित्र होऊन बसतं. कारण साधं होतं. रसायनशास्त्रज्ञ म्हणत, मूलद्रव्य आहे ना, मग त्याचा अणुभार दाखवा. अणुभार काढायला वजन करता येईल इतका शुद्ध पदार्थ लागतो. पिचब्लेंडमध्ये रेडियम इतकं कमी की बोहेमियातल्या योआखिम्सटालच्या खाणीतून युरेनियम काढून टाकलेला गाळ टनांनी मागवावा लागला. वीस-वीस किलोच्या घाण्यांनी तो शिजवत, गाळत, पुन्हापुन्हा स्फटिक पाडत १९०२ मध्ये एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड हाती आलं आणि अणुभार निघाला २२५. आज तो २२६ मानला जातो. शंकेखोरांना आकड्याने उत्तर देण्यासाठी तिने चार वर्षं अशी घातली. त्याला त्याग म्हणू नका, पुरावा म्हणा. त्यानंतरही, १९०६ मध्ये, लॉर्ड केल्विन या नामवंत ब्रिटिश शास्त्रज्ञांनी रेडियम हे मूलद्रव्यच नाही असं जाहीरपणे म्हटलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पिएर घोडागाडीखाली सापडून गेले होते. १९१० मध्ये मेरीने आंद्रे दबिएर्न यांच्याबरोबर रेडियम धातुरूपात वेगळं काढलं, आणि वाद मिटला.

चौथी तक्रार गाळलेल्या पानांची. जानेवारी १९११ मध्ये ती फ्रेंच विज्ञान अकादमीच्या निवडणुकीला उभी राहिली. तोवर एक नोबेल तिच्या नावावर होतं आणि पॅरिसच्या सॉर्बन विद्यापीठात ती प्राध्यापक होती, तिथली पहिली स्त्री प्राध्यापक. दुसऱ्या फेरीत एदुआर ब्रान्ली यांना ३० मतं पडली, तिला २८. ती बाई होती आणि परदेशी होती, यावरून वर्तमानपत्रांनी गदारोळ केला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस पॉल लांजव्हँ या शास्त्रज्ञाशी असलेल्या तिच्या नात्यावरून तिची पत्रं छापली गेली आणि घराबाहेर जमाव जमला. त्याच सुमारास तिला रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं होतं. नोबेल समितीतल्या एका शास्त्रज्ञाने तिला लिहिलं की तुम्ही पारितोषिक घ्यायला येऊ नये. तिने कळवलं की पारितोषिक रेडियम आणि पोलोनियमच्या शोधासाठी आहे, माझ्या खासगी आयुष्याचा त्याच्याशी संबंध नाही. ती स्टॉकहोमला गेली, आणि तिथल्या भाषणात कोणतं काम तिचं, कोणतं पिएर यांचं, कोणतं दोघांचं, हे तिने जपून वेगळं सांगितलं. ‘मुलांसमोर हे कशाला’ असं मला अनेकदा ऐकवलं गेलं आहे. आठवीतल्या मुलींना टोमणे, अफवा आणि चारित्र्यावरची कुजबुज काय असते ते आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. अशा वेळी एका बाईने काय उत्तर दिलं, हे त्यांच्यापासून का लपवायचं?

एक लहान गोष्ट नावाची. एप्रिल १८९८ च्या त्या लेखावर ‘मादाम स्क्लोडोव्स्का क्युरी’ असं नाव आहे. माहेरचं नाव तिने टाकलं नाही. वॉर्सातली मुलगी, जिथे विद्यापीठाचं दार मुलींना बंद होतं, जिथे लपूनछपून भरणाऱ्या ‘फिरत्या विद्यापीठात’ ती शिकली, बहिणीच्या वैद्यकीय शिक्षणासाठी जिने अनेक वर्षं परक्या घरात शिकवणीची नोकरी केली, तिने पहिल्या मूलद्रव्याला, पोलोनियमला, आपल्या देशाचं, पोलंडचं नाव दिलं. तो देश तेव्हा नकाशावर नव्हता. लग्न झालं की नाव बदलून टाकणाऱ्या आपल्या समाजातल्या मुलींना हे सांगण्याजोगं नाही का? ‘मादाम’ म्हणजे केवळ ‘श्रीमती’. ते तिचं नाव नव्हे.

आणि शेवटची तक्रार, धोक्याबद्दल. ‘रेडियमने तिचा बळी घेतला’ एवढ्या एका ओळीत आपण तिचा मृत्यू उरकतो. ४ जुलै १९३४ रोजी ती रक्ताच्या गंभीर आजाराने गेली, आणि किरणांचा तो परिणाम होता असं मानलं जातं. १९९५ मध्ये पॅरिसच्या पँथिऑन या राष्ट्रीय स्मारकात नेण्यासाठी तिची शवपेटी काढली तेव्हा केलेल्या मोजणीवरून मात्र, रेडियमपेक्षा पहिल्या महायुद्धातल्या क्ष-किरणांचा वाटा मोठा असावा, असं तज्ज्ञांनी म्हटलं. युद्धात ती क्ष-किरण यंत्रं बसवलेल्या गाड्या घेऊन आघाडीवर जात होती, सोबत किशोरवयीन इरेन. तिने शंभरावर स्त्रियांना ते काम शिकवलं. जखमी सैनिकांच्या शरीरात गोळी कुठे अडकली आहे ते दाखवणाऱ्या त्या गाड्यांविषयी पुस्तिकांमध्ये चकार शब्द नसतो. रेडियमच्या रंगाने घड्याळाच्या तबकड्या रंगवताना ओठांनी कुंचल्याला टोक काढणाऱ्या, आणि त्या पायी जबड्याची हाडं कुजून गेलेल्या न्यू जर्सीतल्या मुलींविषयीही नसतो. रेडियमने माझ्या आजीला एकवीस वर्षं दिली आणि त्या मुलींचा जीव घेतला. दोन्ही गोष्टी मुलांना एकाच तासात सांगता येतात. मी सांगत आले आहे.

माझ्या मागण्या थोड्या आहेत.

‘पतीला साथ देणारी’, ‘यशस्वी पुरुषामागची स्त्री’ असे विषय शास्त्रज्ञ स्त्रियांच्या नावापुढे देणं आजपासून बंद करा. विषय द्यायचा तर ‘चॅल्कोलाइटचा प्रयोग’ असा द्या, मुलं शोधून काढतील.

चरित्रपुस्तिकांच्या नव्या आवृत्तीत एप्रिल १८९८ चा लेख कुणाचा होता, ते तारखेसह छापा. बेकरेल यांचं श्रेय बेकरेल यांना द्या. १९११ ची मतं छापा.

परीक्षकांच्या गुणपत्रिकेत ‘माहितीची अचूकता’ असा स्वतंत्र रकाना ठेवा, आणि तो तपासायला विज्ञानाचा एक तरी शिक्षक परीक्षकांत असू द्या. हावभाव आणि आवाजाला जेवढे गुण, तेवढे तरी अचूकतेला हवेत.

आणि त्या मुलीच्या गुणपत्रिकेवरचा शेरा मागे घ्या. गुण बदलू नका, क्रमांक देऊ नका, तिला ते नको आहे. ‘तू बोललीस ते बरोबर होतं’ एवढं एका पोस्टकार्डावर लिहून पाठवा. पत्ता आयोजकांकडे आहे.

ती पुढच्या जानेवारीत पुन्हा भाग घेणार आहे. विषय ऑक्टोबरात छापायला जातात, हे मला माहीत आहे. त्याआधी कुणाला माझ्याशी बोलायचं असेल तर मी यायला तयार आहे. दोन पत्र्याच्या चकत्या, मुलांनी बनवलेलं सोनेरी वर्खाचं विद्युतदर्शक आणि माझ्या जुन्या वह्या घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका